जाळी उघडी असताना

कॉलेजच्या गुणपत्रिकेवर विश्वास ठेवायचा तर मला सी भाषा उत्तम येत होती. खरं म्हणजे मला पाठांतर उत्तम येत होतं. चेन्नईत नोकरीला लागल्यावर आठवड्याभरात ही गोष्ट दोघींच्या लक्षात आली. एक मी, आणि दुसरी माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी पन्नाशीची बाई, जिच्या हाताखाली मला टाकलं होतं.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं होती. माझ्या वर्गातल्या मुली पुण्याला चिकटल्या. मला पुण्यातल्या तीन कंपन्यांनी नाकारलं आणि चेन्नईतल्या एकीने घेतलं, म्हणून मी चेन्नईत. सांगलीहून निघताना आई म्हणाली होती, वर्ष काढ, कायम झालीस की मग बघू. हे कायम होणं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघी मुली राहायचो, बाकीच्या दोघी मोठ्या कंपन्यांत, गळ्यात ओळखपत्रं घालून मिरवणाऱ्या. माझ्याकडे ओळखपत्रही नव्हतं. सहा महिन्यांची मुदत होती आणि त्यानंतर मालकांच्या मर्जीवर.

कंपनी चौदा माणसांची. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एका छापखान्याच्या वर आमची जागा होती, त्यामुळे दिवसभर पायाखालची फरशी बारीक थरथरत असायची. आम्ही पॉवर प्रेसचे कंट्रोल बोर्ड बनवायचो. पॉवर प्रेस म्हणजे पत्रा कापायचं आणि वाकवायचं भलंमोठं यंत्र. खाली साचा, वर काही टनांचा ठोकळा. माणूस साच्यात पत्रा ठेवतो, हात बाहेर काढतो, दोन हातांनी दोन बटणं दाबतो, मग ठोकळा खाली येतो. समोर जाळीचं दार असतं. ते उघडं असेल तर बटणं कितीही दाबा, ठोकळा येता कामा नये. दोन्ही हात बटणांवर असताना आणखी जाळी कशाला, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. त्यावर त्या बाईने सांगितलं की एका बटणात लाकडाची चिपटी खोचली की ते दाबलेलंच राहतं आणि एक हात मोकळा होतो. लोक तसं करतात. मोकळा झालेला हात कुठे जातो ते तिने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

ऑफिसात तिला सगळे मॅडम म्हणायचे. मीही म्हणायचे, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझा प्रोग्रॅम अडकला आणि मी स्क्रीनकडे बघून स्वतःशीच पुटपुटले, "चाल की मेल्या." शेजारून शांत आवाज आला, "मेलेल्यास शिव्या घालून काय होतें?" मी दचकून बघितलं. तिच्या घरचे कित्येक पिढ्यांपूर्वी तंजावरला आलेले. ती बोलायची ते मराठी मी फक्त जुन्या पोथ्यांत बघितलेलं, आणि वर चढणारा-उतरणारा तमिळ हेल. मला आधी हसू आलं, मग हसू आल्याची लाज वाटली. आजूबाजूला कोणी नसलं की मी तिला अक्का म्हणायला लागले. परक्या गावात कोणी आपल्या भाषेत टोकणारं भेटलं, यात मला केवढं सुख वाटलं ते आज सांगूनही पटणार नाही.

मॅक्रो तिने शिकवले. पुस्तकातली व्याख्या मला तोंडपाठ होती. तिने ती म्हणू दिली आणि बाजूला ठेवली. प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरण्याआधी सीमध्ये एक फेरी होते. ही फेरी मारणाऱ्याला सी कळत नाही, गणित कळत नाही, काहीच कळत नाही. तो फक्त नावं शोधतो, आणि नाव दिसलं की त्याच्या जागी तुम्ही ठरवून दिलेला मजकूर चिकटवतो. असं ठरवून दिलेलं नाव म्हणजे मॅक्रो. दहा ओळी ठरवल्या असतील तर दहा ओळी. काहीच ठरवलं नसेल तर नाव पुसतो आणि पुढे जातो. तक्रार करत नाही, सूचना देत नाही. कंपायलर, म्हणजे खरं भाषांतर करणारा, त्याच्या मागून येतो, आणि आपण यायच्या आधी इथे काय होतं याचा त्याला पत्ताही नसतो. तुमच्या स्क्रीनवर मात्र तुम्ही लिहिलेली ओळ तशीच असते.

"म्हणून तूं लिहिलेलें वाचूं नोको," अक्का म्हणाली. "त्याचें काय होतें, तें वाच."

यासाठी तिची एक पद्धत होती आणि सगळं ऑफिस त्या पद्धतीला वैतागलेलं होतं. ज्या फाईलमध्ये नवा मॅक्रो असेल, तिची ती पहिली फेरी झाल्यानंतरची प्रत छापून काढायची. सगळी नावं पुसलेली, सगळा मजकूर पसरलेला, वाचायला भयंकर. लिहिणाऱ्याने ती पेन्सिलीने ओळन् ओळ वाचून खाली सही करायची, मग अक्का वाचून सही करणार, तेव्हा तो प्रोग्रॅम बोर्डावरच्या चिपमध्ये जाणार. तीस-चाळीस पानं सहज व्हायची. मालक म्हणायचे, कागदाचा चुराडा. पण बारा वर्षांत तिच्या हातून गेलेला बोर्ड परत आला नव्हता, म्हणून ते गप्प बसायचे.

मला चूक दाखवलेली खपत नाही. आजही खपत नाही, तेव्हा तर बावीस वर्षांची होते. पहिल्या चार महिन्यांत माझ्या प्रत्येक कागदावर तिच्या पेन्सिलीच्या खुणा असायच्या आणि प्रत्येक खूण मला तोंडात मारल्यासारखी लागायची. कंस राहिला, एकच गोष्ट दोनदा वाचली गेली, असल्या खुणा. पाचव्या महिन्यात मी ठरवलं की हिला एकही खूण करता येणार नाही असा मॅक्रो लिहून दाखवायचा.

तो मी लिहिला. त्याला नावही मराठी दिलं, 'तपास'. रोमन अक्षरांतलं ते नाव ऑफिसात आम्हा दोघींनाच कळणार होतं.

झालं असं होतं की बोर्ड ऑफिसात टेबलावर असायचा तेव्हा तो संगणकाला जोडलेला असायचा आणि स्वतः काय करतोय ते सांगत राहायचा. जाळी बंद आहे, डावं बटण दाबलं, उजवं दाबलं. गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या चिपमध्ये या बडबडीला जागा नव्हती, चिपची मेमरी तेवढी नव्हतीच. म्हणून बडबड मॅक्रोत गुंडाळलेली असायची. ऑफिसच्या प्रतीत त्या नावाच्या जागी बडबड चिकटायची, गिऱ्हाइकाच्या प्रतीत त्याच नावाच्या जागी काहीच नाही. अक्काच्या प्रोग्रॅममध्ये आधी एका ओळीत जाळी तपासली जायची आणि पुढच्या ओळीत मॅक्रो ते बोलून दाखवायचा. मला ते गावंढळ वाटलं. मी दोन्ही एकत्र केलं. माझ्या मॅक्रोच्या कंसात तपासणीच लिहायची. तो ती करायचा आणि बोलूनही दाखवायचा. एका ओळीत दोन कामं. जाळीची तपासणी मी अशीच लिहिली आणि खुर्चीत मागे रेलून ती ओळ बराच वेळ बघत बसले.

आता लिहिताना मला ती चूक लांबूनच दिसते, वाचणाऱ्यालाही दिसली असेल. मला दिसली नाही. टेबलावरचा बोर्ड उत्तम चालत होता. मी जाळीचा स्विच उघडा ठेवून शंभरदा बटणं दाबली, बोर्ड शंभरदा नाही म्हणाला. मग मी पहिल्या फेरीची प्रत छापली, पेन्सिलीने वाचली, सही केली. छापली ती ऑफिसची प्रत. बडबडीसकट. संगणकावर तीच तयार होती, दुसरी काढायला आणखी दहा मिनिटं लागली असती आणि मला घाई झाली होती. अक्काने पूर्ण गठ्ठा वाचला. एकही खूण न करता सही केली आणि गठ्ठा माझ्याकडे सरकवला. त्या संध्याकाळी मांबलम स्टेशनपासून घरापर्यंत मी अक्षरशः उडत गेले.

कागदावर जे होतं ते सगळं बरोबर होतं. फक्त ते गुम्मिडिपूंडीला गेलं नाही.

गुम्मिडिपूंडी चेन्नईच्या उत्तरेला, गाडीने तास-दीड तास. तिथल्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे सुटे भाग करणारा एक कारखाना आमचा गिऱ्हाईक होता. त्यांच्या जुन्या प्रेसला आमचा नवा बोर्ड बसवायचा होता, आणि बोर्ड माझा म्हणून मालकांनी मला बरोबर घेतलं. सकाळी अकराचा मुहूर्त. शेडमध्ये शिरल्या शिरल्या तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास नाकात भरला. आम्हाला घ्यायला आलेल्या सुपरवायझरने माझ्या हातात चहाचा पेला दिला, तेव्हा त्याच्या उजव्या हाताला मधली दोन बोटं नाहीत हे मला दिसलं. मी पटकन दुसरीकडे बघितलं. जिकडे बघितलं तिकडे पॅकिंगच्या टेबलाशी एक माणूस उभा होता, त्याचा अंगठा नव्हता. त्यानंतर मी कोणाच्या हातांकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि तेवढंच करत राहिले.

आमच्या प्रेसवरचा ऑपरेटर चाळिशीचा, बारीक, हसरा माणूस होता. त्याची दहाच्या दहा बोटं शाबूत होती. मालकांनी त्याला सांगितलं की हा बोर्ड या मुलीने केला आहे, तेव्हा तो तमिळमध्ये भराभर काही बोलला. सुपरवायझरने इंग्रजीत सांगितलं, तो म्हणतोय, मॅडमने नीट केलं असेल, आता माझी बायको सुखाने झोपेल. मी हसले. मला त्या क्षणी फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

पूजा झाली. यंत्राला गंध-कुंकू लावलं, मोगऱ्याची माळ घातली, दाराशी पांढरा कोहळा फोडला. मग तिकडची रीत म्हणून साच्यात मधोमध एक लिंबू ठेवलं. नव्या गाडीच्या चाकाखाली ठेवतात तसं. यंत्राने पहिला घास लिंबाचा घ्यायचा, म्हणजे पुढे माणसाचा घेत नाही. कापराचं तबक यंत्राभोवती फिरवायचं म्हणून जाळीचं दार सताड उघडं होतं. कारखान्याचे मालक पुढे झाले आणि त्यांनी दोन्ही बटणांवर हात ठेवले.

मला मजा वाटली. मनात म्हटलं, आता दाबतील आणि काही होणार नाही. मग मी पुढे होईन, जाळी लावीन आणि सगळ्यांना सांगेन की बघा, उघडी असताना हा येत नाही. वाक्यही तयार होतं, इंग्रजीत.

त्यांनी बटणं दाबली. ठोकळा खाली आला.

पायाखालची जमीन हादरली. लिंबाचा रस माझ्या ओढणीपर्यंत उडाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी माझ्याही हातात पेढा ठेवला. शेडमधल्या वीस-पंचवीस माणसांत आपण काय बघितलं ते फक्त मला कळलं होतं. हातातला पेढा मी तसाच धरून उभी राहिले.

जाळीची वायर लावायची राहिली असेल, अशी मला आशा होती. मी बोर्डाचं झाकण उघडून बघितलं. वायर होती, घट्ट होती. आमचे मालक कारखान्याच्या मालकांच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते आणि पुढच्या सहा बोर्डांचं बोलणं चाललं होतं. मी त्याच वेळी, तिथेच, यंत्र बंद करा असं म्हणायला हवं होतं. एक वाक्य. ते माझ्या तोंडून निघालं नाही. माझं कायम होणं हुकेल याची मला भीती वाटली, दुसरं काहीही कारण नव्हतं. ऑपरेटर पत्र्यांचा ढीग जवळ ओढत होता. मी त्याच्याजवळ गेले आणि माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये म्हटलं, "कदव मूडुंगो." दार लावा. तो म्हणाला, "सरी मा," बरं बाई, आणि हसला. त्या हसण्यावरून मला कळलं की त्यालाही दिसलं होतं.

ऑफिसात परत आले तेव्हा तीन वाजले होते. जेवण नाही, पाणी नाही. मी गिऱ्हाइकाच्या प्रतीची पहिली फेरी छापली आणि ती जागा शोधली. जिथे माझी देखणी ओळ असायला हवी होती तिथे एक अर्धविराम होता. वर रिकामं, खाली रिकामं आणि मध्ये तो एकटा. बडबड गेली होती आणि बडबडीबरोबर तपासणीही. मी लिहिलेलं जसंच्या तसं ऐकलं गेलं होतं. ते पान मी अक्कापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं, टाळ्यांसकट.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने सही केलेल्या जुन्या गठ्ठ्यातलं तेच पान काढलं, दोन्ही पानं शेजारी ठेवली आणि आधी स्वतःच्या सहीकडे बघितलं. मग कारखान्यात फोन लावला. सुपरवायझर म्हणाला, यंत्र छान चाललंय, कशाला थांबवायचं? तिने तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, मालकांशी बोला, आणि फोन ठेवला. आमचे मालक गुम्मिडिपूंडीहून परस्पर घरी गेले होते आणि त्यांचा मोबाईल बंद होता. अक्काने नवी चिप तयार करायला घेतली. माझा मॅक्रो तिने खोडला नाही, मला खोडायला लावला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आम्ही दोघी गेलो. वाटेत ती नव्या प्रतीची पानं पुन्हा वाचत होती. मी खिडकीबाहेर मिठागरं बघत होते आणि मनात एकच चाललं होतं, की आज पहाटेची पाळी सुरू होऊन एक तास झाला, आता दीड तास झाला.

तो सुखरूप होता. मला रडू आलं, मी तोंड फिरवलं. मग नीट बघितलं. जाळीचं दार सुतळीने मागच्या खांबाला बांधून टाकलेलं होतं. डाव्या बटणात लाकडाची चिपटी होती. तो डाव्या हाताने पत्रा साच्यात सरकवत होता आणि उजव्या हाताने बटण दाबत होता, आणि त्या दोन्हींच्या मध्ये श्वास घेण्याएवढा वेळ जात होता. तयार मालाचा ढीग त्याच्या कमरेपर्यंत आला होता. एवढा माल त्या प्रेसवर एका सकाळी कधी निघाला नव्हता, सुपरवायझर कौतुकाने म्हणाला.

अक्काने मेन स्विच बंद केला, कोणाला न विचारता. चिप बदलली, सुतळी सोडली, चिपटी काढून खिशात घालावी तशी पर्समध्ये टाकली. पुन्हा यंत्र सुरू झालं. जाळी उघडी, बटणं दाबली, ठोकळा आला नाही. जाळी लावली, आला. हे आमचं काम, हे बरोबर. पण दर पत्र्याला दार उघडायचं, दार लावायचं, आणि ढीग काही वाढेना. ऑपरेटर तासभर तसं करत राहिला. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तो आता हसत नव्हता. सुपरवायझरने त्याचं बोलणं सांगितलं: कालचं चांगलं होतं, मॅडमने कालचं नीट केलं होतं, आज हे काय बिघडवून ठेवलं?

जुनी चिप परत मागितली गेली. अक्काने दिली नाही. परत येताना ती पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसली होती.

आम्ही पोचायच्या आधी आमच्या मालकांना फोन पोचला होता. त्यांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, आता माझी नोकरी गेली. पण ते रागावलेले नव्हतेच. ते म्हणाले, गिऱ्हाइकाला पर्याय हवा आहे. ज्यांना जाळी हवी त्यांना जाळी, ज्यांना नको त्यांना नको. एक ओळ घातली की झालं ना? मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तूच केलं होतंस ना ते? तेच परत कर. फक्त या वेळी समजून उमजून."

अक्का म्हणाली की ती यावर सही करणार नाही. मालक म्हणाले, तुमची नको, ही करेल, हिची मुदत या महिन्यात संपते, तशीही आता सही करायला शिकली पाहिजे. हे त्यांनी अगदी प्रेमाने म्हटलं.

जिन्यात अक्काने मला थांबवलं. खालून छापखान्याचा आवाज येत होता, तरी तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "लेंकरा, तूं लिहूं नोको. नाहीं म्हण. काय करतील? पाठवतील घरीं, एवढेंच ना?"

मला तिचा राग आला. एवढेंच ना! हिचा नवरा सरकारी नोकरीतून निवृत्त, मुलगा अमेरिकेत, राहतं घर स्वतःचं. हिला नाही म्हणायला काय जातं? मी सांगलीला परत जाऊन काय सांगणार होते, की मला एक ओळ लिहायची नव्हती? असं मी तिला तोंडावर म्हटलं, यातला एक शब्दही न गाळता. आणि वर हेही म्हटलं की मी नाही लिहिली तर दुसरा कोणी लिहील, आणि तो चुका करून ठेवील. मग ती जिना चढून गेली.

मी लिहिलं. 'तपास' हे नाव नाही वापरलं, तेवढी लाज होती. साधं इंग्रजी नाव दिलं. वरच्या एका ओळीत पर्याय चालू केला की जाळीच्या तपासणीच्या जागी काहीच नाही, बंद केला की पूर्ण तपासणी. दोन्ही प्रती छापल्या. पर्याय चालू असलेली आणि नसलेली. दोन्ही पेन्सिलीने ओळन् ओळ वाचल्या. सगळे कंस जागेवर होते, कुठलीही गोष्ट दोनदा वाचली जात नव्हती, जे पुसलं जायचं तेवढंच पुसलं जात होतं. एकही चूक नव्हती. मला मॅक्रो येत होते.

दोन्ही गठ्ठे मी अक्काच्या टेबलावर ठेवले. सहीसाठी नाही, का ते मलाही माहीत नाही. तिने चष्मा लावला आणि शेवटच्या पानापर्यंत वाचलं. दुपारभर वाचत होती.

"बेष लिहिलीस," ती म्हणाली. माझ्या कामाला तिने चांगलं म्हटलेलं ते पहिल्यांदाच. गठ्ठे परत देताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. त्यानंतर मी तिथे होते तोपर्यंत ती माझ्याशी इंग्रजीतच बोलली, नीट, सभ्यपणे, इतर सगळ्यांशी बोलायची तसंच.

चिप घेऊन मी एकटीच गेले. ऑपरेटरने जाळी उघडून तिला सुतळी बांधली, दोन-तीन ठोके मारून बघितले, आणि मला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. तेलाने काळे झालेले हात, नखांखाली ग्रीज, दहाच्या दहा बोटं. मीही नमस्कार केला आणि दुपारची गाडी पकडली.

महिनाअखेर मी कायम झाले. आई फोनवर रडली. दोन वर्षांनी पुण्यात नोकरी मिळाली, मग आणखी चांगली मिळाली, आता माझ्या हाताखाली माणसं आहेत आणि त्यांना मॅक्रो मी शिकवते. लोक म्हणतात, मी चांगलं शिकवते.

त्या कारखान्याचा नंबर माझ्या तेव्हाच्या डायरीत आहे. इतक्या वर्षांत कितीतरी वेळा मी तो काढून समोर ठेवला आहे. विचारायचं एवढंच आहे की त्या प्रेसवर जो माणूस होता तो कसा आहे. तमिळमध्ये हे कसं म्हणायचं तेही मी शिकून घेतलंय. पण मी फोन केलेला नाही. काय ऐकायला मिळेल याची मला भीती वाटते.